उत्तमचा शर्ट पडद्यावर

सावरगावच्या सुमनला जाम नदीच्या पुराची कधी भीती वाटली नाही. नवरा उत्तम गेला, तेव्हा एकटीनं संसार ओढायचीही वाटली नाही. पण पांढुर्ण्याच्या टॉकीजात खुर्चीवर बसल्या बसल्या तिच्या मनात धडकी भरली होती. शेजारी मोहगावची होणारी विहीण, पलीकडे लेक प्रणाली. सोयरीक ठरून पंधराच दिवस झाले होते, आणि हट्ट विहीणबाईंचाच होता. "आमची विहीण पडद्यावर दिसून राहिली, अन् आमी पाहू नाही काय?"

दोन वर्षांपूर्वी कापसाच्या वावरात सिनेमावाले आले होते. मजुरीनं वेचणाऱ्या बायांत त्यांनी एका प्रसंगासाठी सुमनला निवडलं. लुगड्यावर तिनं उत्तमचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता. कापसाच्या झाडानं, पऱ्हाटीनं, हात ओरबाडतात म्हणून साऱ्याच बाया नवऱ्याचा शर्ट घालतात, त्यात मिरवण्यासारखं काय आहे? पण सिनेमातल्या फॅशनच्या मासिकाची संपादकबाई तो शर्ट पाहून वेडी होते, आणि पुढच्या अंकात दिल्ली-मुंबईच्या पोरी फाटके शर्ट घालून मिरवतात. मासिकवाल्यांची खिल्लीच होती सगळी. शहरात म्हणे लोक पोट धरून हसले, मासिकवाले चिडलेही. पण शहरानं हसणं वेगळं आणि गावानं हसणं वेगळं. गाव आपल्याला हसलं, विहिणीला लाज वाटली, तर सोयरीक मोडेल, एवढंच सुमनच्या डोक्यात घोळत होतं.

तिचा प्रसंग आला. संपादकबाई म्हणाली, नवा शर्ट देते, हा मला द्या. पडद्यावरची सुमन म्हणाली, "नवा घालून कापूस कोन वेचते, बाई?"

अख्खी टॉकीज हसली. त्या हसण्यातलं एक हसू तिनं अंधारातही ओळखलं. ओढणी तोंडाला लावून प्रणाली खदखदून हसत होती. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत.

बाहेर आल्यावर प्रणाली पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सिनेमा चांगला हाय. त्या मासिकवालीची बरी जिरवली. पन तुमची पोरगी तुमालेच पाहून हसली. वेचनीच्या दिवसात माह्याही अंगात आमच्या मालकाचाच शर्ट असते."

सुमनला खोटं बोलायला सुचलंही नाही. "तिनं कापूस कधी वेचलाच नाही," ती म्हणाली. "म्याच वावरात पाय ठेवू देल्ला नाही तिले."

"मंग आमच्याकडे शिकन कापूस वेचाले," विहीणबाई म्हणाल्या. "पाठवा."

सोयरीक वाचली. समोरून प्रणाली बाटली हलवत, हसत येत होती. तिचे ते कोवळे हात पाहून सुमनच्या मनात नव्यानं धडकी भरली.