ओळ न घातलेली खिडकी

डोंगरांच्या त्या मुलखात दर दुसऱ्या टेकडीवर एक पडका किल्ला आहे. सकाळी धुकं भरलं की खालची गावं, रस्ते, ओढे सगळं बुडून जातं आणि वर नुसते बुरूज उरतात. कुठला किल्ला कोणी बांधला आणि कोणी पाडला याबद्दल जाणकारांचं एकमत नाही, आणि गावकऱ्यांना त्याची पर्वा नाही. शहरातून माणसं बघायला येतात. चढताना धापा टाकतात, वर पोचली की गप्प होतात आणि उतरताना उगाचच हळू आवाजात बोलतात.

त्यातल्या सगळ्यात उंच किल्ल्यावर एक गवंडी सदतीस वर्षं कामाला होता. लोक त्याला डागडुजीकाका म्हणत. त्याचं काम ऐकणाऱ्याला हसू यावं असंच होतं. भिंत पडू द्यायची नाही आणि नवी दिसूही द्यायची नाही. पडकं ते पडकंच राहिलं पाहिजे. त्याची बायको म्हणायची, "म्हाताऱ्याला मरू द्यायचं नाही आणि तरुणही होऊ द्यायचं नाही. असला डॉक्टर कुणी बघितलाय का?"

या कामाचा एक नियम होता, तो त्याच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितला. जुन्या भिंतीवर आपण दगड चढवला की मध्ये लाल खापराच्या चिपांची बोटभर ओळ घालायची. ओळीखालचं काम त्यांचं, वरचं आपलं. लांबून काही कळत नाही, जवळ जाऊन बघणाऱ्याला मात्र सगळं कळतं. "उद्या येणाऱ्याला फसवायचं नाही," वस्ताद म्हणायचा. "मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत." गवंड्याने हा नियम आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून पाळला. फक्त एकदा मोडला.

एकतीस वर्षांपूर्वी वादळात पश्चिमेची भिंत कोसळली. त्याच वर्षी गवंड्याला मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. बायको रडली नाही, भांडली नाही. ती स्वयंपाक करायची, वाढायची, पण घराचा उंबरा ओलांडेना. कपडे आत वाळायचे, पाणी शेजारीण आणून द्यायची. तिला तसं एकटं टाकून त्याला रोज डोंगर चढावा लागे. बांबूच्या परांचीवर उभं राहिलं की पडलेल्या भिंतीच्या भगदाडातून थेट त्याचं घर दिसायचं. कौलं, अंगण, अंगणातला धुण्याचा दगड. तो एक दगड बसवायचा आणि खाली बघायचा, दुसरा बसवायचा आणि पुन्हा बघायचा. भिंत छातीपर्यंत आली आणि त्याचे हात अडले. अजून दोन थर चढले असते तर घर दिसेनासं झालं असतं.

तेव्हा त्याने ढिगाऱ्यातून एका जुन्या कमानीचे घडीव दगड शोधून काढले आणि तिथे खिडकी केली. तिथे कधीच खिडकी नव्हती. खापराची ओळ दिसली असती तर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं असतं, म्हणून तेवढ्या भागात ओळ ठेवली नाही. साहेब वर्षातून एकदा यायचे आणि पायथ्याशी चहा पिऊन, वर बघून मान डोलावून जायचे. त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

मग तो त्या खिडकीत उभा राहायला लागला. काम पडून राही, चुना वाळून जाई, आणि हा आपला खाली बघत. खिडकी झाल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी दार उघडलं. बायको बाहेर आली, धुण्याच्या दगडावर बसली आणि केस मोकळे सोडून उन्हात वाळवू लागली. गवंडी भिंतीआड बसून पोटभर रडला. मग उठून संध्याकाळपर्यंत त्याने दोन दिवसांचं काम केलं. खिडकीबद्दल बायकोला त्याने कधी अवाक्षर सांगितलं नाही.

खिडकी मात्र नशीब घेऊन आली होती. दगडांवर शेवाळ धरलं, सांध्यांत गवत उगवलं, आणि संध्याकाळचं ऊन तिच्यातून आत तिरकं यायला लागलं. लोक तिथे उभे राहून फोटो काढू लागले. किल्ला दाखवणाऱ्या वाटाड्याने तिच्यात एका सरदाराची मुलगी आणून बसवली. शाळेची सहल असली की ती भावाची वाट बघायची, नवं जोडपं असलं की नवऱ्याची, आणि कॉलेजची पोरं असली की आणखी कुणाची तरी. गवंडी हे सगळं ऐकायचा आणि मूग गिळून बसायचा. आपण खोटं कुठे बोललो, असं मनाला समजावायचा. मन काही समजायचं नाही.

आणि यंदा मोजणीवाल्या बाई आल्या. तरुण, उन्हाने रापलेल्या, बोलताना पेन्सिल कानामागे अडकवणाऱ्या. किल्ल्याचा दगडन्‌दगड मोजून त्याचा कायमचा नकाशा करायचं काम त्यांच्याकडे होतं. पंधरा दिवस गवंडी फीत धरून त्यांच्यामागे फिरला. ओळंबा सोडताना, बुरुजाच्या सावलीत डबा खाताना, दोघांची चांगली गट्टी जमली. त्या प्रत्येक भिंतीवर वाकून खापराची ओळ शोधायच्या आणि सापडली की म्हणायच्या, "काका, तुमच्यासारखं सच्चं काम मी कुठल्याच किल्ल्यावर बघितलं नाही."

सोळाव्या दिवशी त्या खिडकीपाशी पोचल्या. चोराच्या मनात चांदणं. गवंडी फीत गुंडाळत बसला.

"काका, ही किल्ल्यातली सगळ्यात जुनी खिडकी दिसतेय," बाई म्हणाल्या. "शेजारच्या भिंतीत सगळीकडे तुमची ओळ आहे, इथेच नाही. म्हणजे इथे तुमचा हातच लागलेला नाही. मी तसंच लिहिते."

गवंड्याचा सदतीस वर्षांचा खरेपणा त्या एका लबाडीला साक्षीदार म्हणून उभा राहिला. बोललो तर खिडकी बुजवणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जे मुळात नव्हतं ते ठेवायचं नाही, हाही नियमच होता. नाही बोललो तर या पोरीच्या नावावर कायमचं खोटं चढणार, तेही आपल्यावर विश्वास टाकला म्हणून.

तीन दिवस त्याला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी दुपारी भिंतीच्या सावलीत त्याचा डोळा लागला. स्वप्नात खिडकीबाहेर धुकं होतं आणि खिडकीत सरदाराची मुलगी पाठमोरी बसली होती. मागे न वळता ती म्हणाली, "मी इथे कधी नव्हतेच ना?" ती रागावलेली नव्हती, नुसतं विचारत होती. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून त्याच्या पायांवर आलं होतं. तो तसाच उठला आणि बाईंकडे गेला.

"ती खिडकी माझी आहे," तो म्हणाला, आणि मुलीपासून त्रेचाळिसाव्या दिवसापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी कानामागची पेन्सिल हातात घेतली.

"मला लिहावं लागेल, काका."

"लिहा. म्हणूनच सांगितलं."

दोन महिन्यांनी कचेरीचा कागद आला. खिडकी बुजवून भिंत पूर्ववत करावी. सोबत बाईंची चिठ्ठी होती. ठेवा म्हणून त्यांनी खूप लिहिलं होतं, कुणी ऐकलं नाही. आणि बुजवणार कोण, तर डागडुजीकाकाच.

आदल्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर वर चल."

"पडक्या भिंतीत काय बघायचंय? माझे गुडघे बघितलेत का?" असं म्हणाली खरी, पण सकाळी चपला घालून तीच आधी दारात उभी राहिली. वाटेत सात वेळा बसली आणि सातही वेळा किल्ला बांधणाऱ्याचा उद्धार केला.

ती खिडकीपाशी आली तेव्हा धुकं विरत होतं. आधी कौलं दिसली, मग अंगण, मग धुण्याचा दगड. गवंड्याने घसा खाकरला. एकतीस वर्षं साठवलेलं आता सांगायचं होतं.

"त्या वर्षी," तो म्हणाला, "मी इथून तुझ्याकडे बघत होतो. रोज. तू बाहेर येईपर्यंत."

"माहितीये," बायको म्हणाली.

त्याने हातातली थापी दगडावर ठेवली.

"स्वयंपाकघरातून दिसायचं की. भिंतीत एवढंसं आभाळ दिसायचं, आणि तुम्ही उभे राहिलात की ते काळं व्हायचं. सकाळी बघावं तर काळं, दुपारी बघावं तर काळं. म्हटलं, हा माणूस जेवतो कधी, काम करतो कधी? नोकरी जाईल अशाने." ती खिडकीच्या दगडावर हात टेकून जराशी वाकली. "मला काही बाहेर यायचं नव्हतं. अजून वर्षभर आले नसते. पण मी आल्याशिवाय तुम्ही तिथून हलणार नाही, हे कळलं. म्हणून आले."

गवंडी खाली बसला. चुना कालवून ठेवला होता, तो वाळायला लागला. बायको त्याच्या शेजारी बसली आणि घाई करा म्हणाली नाही.

भिंत त्या दिवशी पुरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी झाली.