लसूणघासावर नांगर

शेठ नांगर घेऊनच मळ्यात आले. मागे दोन गडी होते.

"वैद्यबुवा, हा हिरवा पट्टा आज मोडायचा. इथं कापूस लावू."

अकोल्यात शेठच्या गाड्यांचा अड्डा होता आणि मी तिथे बैलांचा वैद्य. आमच्या गाड्या अकोटाहून कापूस स्टेशनावर आणत. विलायतेत कापसाचा भाव चढला, तसं वऱ्हाडाने ज्वारी पेरणं कमी केलं. ज्वारी नाही तर कडबा नाही. बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या. चढावर ते बसू लागले.

म्हणून मी पलटणीच्या तबेल्यातून लसूणघासाचं बी आणलं. हे घोड्यांचं गवत. एकदा पेरलं की काही वर्षं टिकतं. पाणी दिलं की कापलं तेवढं पुन्हा फुटतं. विहिरीजवळचा तो पट्टा राधाबाई माळीण सांभाळायची.

शेठ चिडले होते त्याला कारण होतं. आदल्या दिवशी एका गाडीवानाने दंवाने ओलं गवत उपाशी बैलापुढे भाराभर टाकलं. बैलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मी डाव्या कुशीत नळी टोचून वारा काढला, तेव्हा तो वाचला.

"जहर हाय ते," शेठ म्हणाले.

"जहर नाई. कोमेजू द्या लागते, कडब्यात मिसळून द्या लागते. मी सांगितलं होतं, त्यानं आयकलं नाई. नांगर चालनार नाई."

"इथं मालक कोन हाय?"

"जमिनीचे तुमी. पन बैल मेले तर जाब मले द्या लागते."

राधाबाई विळा घेऊन नांगरापुढे बसली. "शेठजी, हे जुपलेले बैल काय खाऊन उभे हायेत, ते आधी इचारा."

गडी हसले. शेठ हसले नाहीत. मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी पागोटं उचललं आणि निघालो. राधाबाई मात्र उठली नाही. तिच्या अंगावर नांगर घालायला गडी तयार होईनात. शेवटी शेठच घरी गेले.

ऐन हंगामात दुसऱ्या अड्ड्यांचे बैल रस्त्यात आडवे झाले. आमचे राधाबाईने कोमेजवून दिलेल्या लसूणघासावर चालत राहिले. मग शेठचं बोलावणं आलं. मी एकच अट घातली : राधाबाईला विचारल्याशिवाय त्या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली.

पुढे काही वर्षांनी गवत विरळ झालं तेव्हा राधाबाईला विचारून आम्हीच तो पट्टा मोडला आणि कापूस लावला. शेठच्या साऱ्या जमिनीत तसा कापूस कुठे आला नाही. मातीला गवत मानवलं होतं.

भाव कितीही चढो, तो बैलाच्या गव्हाणीत घालता येत नाही.