पंपाची झडप आणि बायकोची

माझ्या बायकोच्या हृदयाची झडप आकसली होती. चार पावलं चालली की तिला दम लागायचा. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, छाती न फाडता जांघेतल्या नसेतून नवी झडप बसवतो, पुढच्याच आठवड्यात या.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्कल गावाला वाटीन एवढी. मी सल्ला घ्यायला तुमसरला साळ्याकडे गेलो. साळा मोटारपंप दुरुस्त करतो, म्हणजे आमच्या घरात झडपांचा जाणकार तोच.

तो म्हणाला, "भाऊजी, पंप खोलल्याबिगर झडप बदलत नाही. फाडाचंच नाही, त ऑपरेशन कायचं? फसवून राहिला तो."

डॉक्टर फसवतो की नाही देव जाणे, पण न फाडता होतं ते काम किरकोळ, एवढं मला पटलं. घरी येऊन मी ठरवून टाकलं, धानाची रोपं लावायची आहेत, रोवणा उरकला की जाऊ.

बायको म्हणाली, "माही छाती फाडत नाही, याचंच तुमाले वाईट वाटून राहिलं का?" मग हसली आणि भाकरी थापायला बसली. आमच्याकडे बाईनं याहून जास्त बोलायचं नसतं.

धानाचा रोवणा अर्धा झाला होता. दुपारी ती माझी शिदोरी घेऊन शेतावर आली, दम खात बांधावर बसली, ती उठलीच नाही.

तेरवीला साळा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आपून काही चूक नाही केली, भाऊजी."

मी म्हणालो, "आपून कायले करू? चूक तिनं केली. तिनं आपलं आयकलं."