मागच्या सीटवरचा गुलाल

मी फिटर माणूस. मंगळवार पेठेत गॅरेज आहे, तीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालतोय. पाणी येतंय म्हणजे कुठंतरी रबर फाटलंय, इतकं साधं असतं... भूतबित असल्या गप्पांना मी कायम हसत आलोय. म्हणून हे लिहायची लाज वाटते, पण लिहितोच.

२००२ ची गोष्ट. माझ्या दाजींनी – थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं – एजंटामार्फत मलेशियाहून वापरलेली गाडी मागवली. कागद चोख, रंग चकाचक. बघायला अख्खी गल्ली जमली. पण मागची डावी सीट हाताला ओली लागायची. कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला गाळ आणि गंज! गाडी तिकडं पुरात बुडालेली, आणि एजंटानं धुऊनपुसून आमच्या गळ्यात मारलेली. शिव्या घातल्या, दुसरं काय करणार? सीट काढून मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस वाळवली, दारांची रबरं बदलली. बसवली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली.

दाजी म्हणाले, जोतिबाला नेऊन आणू. पूजा झाल्यावर त्यांनी गाडीत आतबाहेर मनसोक्त गुलाल उधळला. येताना मागं कुणीच नव्हतं. सहा वर्षांची भाची गौरी पुढं माझ्या मांडीवर होती. घरी येऊन मागचं दार उघडलं. सगळीकडं गुलाल कोरडा. डाव्या सीटवर मात्र भिजून काळपट झालेला... एवढीशी पाठ आणि दोन मांड्या. ओल्या कपड्यातलं लहान पोर बसून उठावं तसं.

गौरी शांतपणे म्हणाली, "मामा, तितं ती बसत्या की. तिची कापडं कवाच वाळत न्हाईत."

मी तिला दटावलं. त्याच आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला. पोरगी वाचली, पण वॉर्डाबाहेर दाजींनी माझा हात घट्ट धरला. "गाडी ईक. कुणाला बी ईक, पर ईक."

विकली. त्याआधी सीट शाम्पूनं धुतली, नवं कव्हर, नवं कार्पेट घातलं, वर अत्तर मारलं. एजंटानं केलं तेच, त्याच्यापेक्षा सफाईनं. गिऱ्हाईक कराडकडचं होतं, गाडी न्यायला लेकीला घेऊन आलेलं.

"मेस्त्री, गाडीत काय खोट न्हाई न्हवं?"

"एकदम ओके हाय," मी म्हणालो.

त्या पोरीनं मागचं डावं दार उघडलं, आत बघितलं, हळूच लावलं... आणि वळसा घालून उजवीकडनं बसली. मी किल्ली तिच्या बापाच्या हातात ठेवली.

ते पाणी कुठून येत होतं, मला आजही कळलेलं नाही. त्या माणसाचा नंबर अजून वहीत आहे. इतकी वर्षं झाली, लावायचा धीर होत नाही.