साहेबांच्या बाजूचं चाक

लोटू महाजनच्या हाती पेचकस लागला की घरातल्या वस्तूंची काही धडगत नसे. सुरतेच्या भेस्तान भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत असा एकही पंखा, घड्याळ किंवा रेडिओ नव्हता, ज्याच्या पोटात त्याने डोकावून पाहिलं नव्हतं. बंद पडलेली वस्तू काय, कोणीही उघडतं. हा बहाद्दर चालू असलेली उघडायचा. ती चालते कशी, हे त्याला बघायचं असायचं.

"आते काय उकलं?" त्याची बायको मंगलाबाई आतून विचारायची.

"घड्याळ."

"चालू व्हतं ना ते?"

"व्हतं," असं कबूल करून लोटू खाटेखाली गेलेली स्प्रिंग शोधायला वाकायचा.

एरंडोलकडून सुरतेत आला तेव्हा पोरसवदा वयात तो एका लूमच्या कारखान्यात लागला होता. मुकादमाने सांगितलं कापडावर नजर ठेव, तर हा धोट्याकडे बघत बसला. इकडून तिकडे जाणारा धोटा नेमका थांबतो कसा, हे कळेपर्यंत बरंच कापड वाया गेलं आणि त्याबरोबर नोकरीही. मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, असं करत तो शेवटी कालव्यांची देखभाल करणाऱ्या एका कचेरीत जीपवर आला आणि तिथेच रमला. जीप साधीसुधी नव्हती, चारही चाकांना जोर देणारी होती. बारडोलीकडे कालव्याला पाणी सुटलं की काठावरच्या रस्त्यांचा असा काही रबडा होतो, की साधी गाडी तिथे म्हशीसारखी बसून राहते.

या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती होती. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्ही चकत्या फिरवून चाकं इंजिनाच्या जोराला जोडायची. डांबरी रस्ता आला की पुन्हा उतरून ती मोकळी करायची. चकतीवर एक बाण असे, तो कुठे आहे ते पाहून चाक जोडलेलं की मोकळं, हे कळायचं. लोटूचे जुने साहेब रघुनाथराव हे हौशी गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता, "लोटू, तुझ्या बाजूचं चाक तुझं, माझ्या बाजूचं माझं." तेव्हापासून उजव्या चाकाला लोटू उतरायचा आणि डाव्या चाकाला साहेब. साहेब आपल्यासाठी चिखलात उतरतात, याचा लोटूला इतका अभिमान होता, की रघुनाथराव निवृत्त होऊन अजिंक्य नावाचे तरुण साहेब आले, तेव्हा त्याने त्यांनाही हा नियम नीट समजावून सांगितला. साहेब हसून तयार झाले.

शहरात प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी सरली आणि जीप डावीकडे ओढायला लागली. थोडीच, पण ओढायची. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी हळूच रस्त्याच्या कडेला निघायची. एकदा तर पलसाण्याच्या पुढे एका उसाच्या बैलगाडीला घासता घासता वाचली.

खरी भीती वेगळीच होती. त्याच सुमारास लोटूचा डावा हात दुखायला लागला होता. संध्याकाळी घरी आला की खांद्यापासून मनगटापर्यंत हात शिशासारखा जड व्हायचा, बोटं थरथरायची. मंगलाबाई रोज तेल चोळायची, आणि दोघांनाही एकच गोष्ट आठवत असायची. लोटूच्या बापाचा डावा हात असाच आधी जड झाला होता. पुढे अर्धं अंग गेलं आणि म्हातारा ओसरीवर पडून राहिला.

लोटूने मनाशी हिशेब मांडून टाकला. हात चाललाय. जड हात स्टिअरिंगवर लोंबतो, म्हणून गाडी डावीकडे जाते. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू उघडून पाहणाऱ्या माणसाला स्वतःचा हात काही उघडता येत नव्हता. डॉक्टरकडे जायची त्याची छाती झाली नाही.

अजिंक्य साहेबांच्याही लक्षात आलंच. बोलायला ते मऊ होते. म्हणाले, "लोटूभाऊ, उद्या गाडीचं अलाइनमेंट करून आणा. गाडीत काही निघालं नाही, तर मग आपण बोलू."

त्या 'बोलू'चा अर्थ लोटूला ठाऊक होता. जो ड्रायव्हर गाडी चालवायला लायक राहत नाही, त्याला कचेरीच्या फाटकाशी स्टुलावर बसवत. बसून खायला काही तोटा नाही; पण फाटकात उघडून बघण्यासारखं काय असतं? एक कडी.

दुसऱ्या दिवशी उधन्याच्या रस्त्यावर जयंतीभाईच्या गॅरेजात जीप उभी करताना लोटू मनात देवाला विनवत होता, की बाबा, गाडीत काहीतरी मोठा बिघाड निघू दे. ड्रायव्हरने असा नवस बोलल्याचं देवानेही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

जयंतीभाई हा सावकाश माणूस. त्याने चारही टायरांची हवा सारखी केली. पुढची चाकं जॅकवर उचलून वरखाली हलवून पाहिली, खिळखिळी नव्हती. मग गाडी जमिनीवर टेकवून, स्टिअरिंग सरळ करून, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंना दोरी ताणली. दोरी चाकाला कुठे टेकते आणि कुठे सुटते, हे तो एक डोळा मिटून बघत होता आणि लोटू त्याच्या खांद्यावरून बघत होता. पुढून चाकं किंचित फाकली होती. जयंतीभाईने खालचा दांडा पान्याने जरासा फिरवला, पुन्हा दोरी लावली, पुन्हा मापलं.

"हवे सीधी छे," आता सरळ झाली, असं तो म्हणाला.

दोघं चक्कर मारून आले. गाडी डावीकडेच ओढत होती.

जयंतीभाईने लोटूच्या हाताकडे पाहिलं नाही. त्याने चहा मागवला. चांगल्या माणसांची ही रीतच असते, वाईट बातमी सांगायची तर आधी चहा पाजतात. "लोटूभाई, गाडीमां तो कंई नथी," तो हळूच म्हणाला.

चहा संपेपर्यंत जयंतीभाईने पुन्हा एकदा बघावं म्हणून गाडी जॅकवर घेतली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. लोटू उगाच गाडीच्या पुढ्यात उकिडवा बसला. हात रिकामे राहिले की त्याला काहीतरी फिरवायला लागतंच. त्याने उजवं चाक हाताने फिरवलं. चाक गरगर फिरत राहिलं. मग पलीकडे जाऊन डावं फिरवलं. ते अर्धा वेढा घेऊन थांबलं, आणि पोटाखालून कसलासा घरघर आवाज आला.

लोटू भीती विसरला. चहाचा ग्लास बाजूला ठेवून तो जीपखाली सरकला आणि हात लांबवून पुन्हा डावं चाक फिरवलं. चाकाबरोबर आतला दांडाही फिरत होता. डांबरी रस्त्यावर त्याने असं मुळीच फिरायला नको. म्हणजे हे चाक जोडलेलंच राहिलं होतं, आणि आतलं सगळं वजन एकटंच ओढत चाललं होतं. त्या एकाच बाजूला ब्रेक लागल्यासारखं.

तो बाहेर आला आणि त्याने डाव्या चकतीकडे पाहिलं. बाण कुठे दिसेना. दिसणार कसा? चकतीवर शेंदराचा जाड थर होता.

तो शेंदूर लोटूचाच. दर दसऱ्याला तो तेलात शेंदूर कालवून जीपची पूजा करायचा. उजव्या चकतीला रोज त्याचा हात लागायचा, तिथला शेंदूर कधीच पुसला गेला. डावी मात्र साहेबांच्या बाजूची. साहेबांचा मान म्हणून त्याने यंदा तिथे शेंदूर जरा हात सोडूनच थापला होता. आणि आपण साहेबांच्या मागे जाऊन बघितलं तर त्यांना काय वाटेल, म्हणून त्या बाजूला तो पुन्हा कधी गेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

पूजेचा शेंदूर खरवडायचा, तेही पुढचा दसरा यायच्या आत, हे त्याच्या जिवावर आलं. त्याने चाकाला हात जोडले, "माफ कर बाबा," म्हटलं आणि रॉकेलच्या बोळ्याने चकती पुसली. बाण जोडलेल्या खुणेवर होता.

चकती मोकळी करून तो जयंतीभाईला घेऊन पुन्हा रस्त्यावर आला. मोकळा पट्टा बघून त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. जीप नाकासमोर चालत राहिली. जयंतीभाईने "वाह" म्हटलं. लोटूने समाधानाने पुन्हा स्टिअरिंग धरलं, आणि जीप उजवीकडे निघाली.

"हवे जमणी बाजू?" आता उजवीकडे कशी, म्हणून जयंतीभाई चमकला.

लोटूने हात उचलले; गाडी सरळ. धरले, गाडी उजवीकडे. म्हणजे खोट हातातच होती तर. त्याने खाली पाहिलं. त्याचा डावा तळहात स्टिअरिंगला खालून वर रेटत होता, आपणहून, कोणी न सांगता. उजवीकडे वळवायला रेटतात तसा.

तेव्हा त्याला सगळं उलगडलं. गाडी डावीकडे जात होती, आणि हा हात दिवाळीपासून तिला रोज दिवसभर उजवीकडे लोटत होता. म्हणून तर संध्याकाळी जड व्हायचा. हाताने गाडी बिघडवली नव्हती, गाडीने हात दमवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती फाशी लोटूने स्वतःच सुनावली होती. त्याने जीप कडेला लावली आणि डोळे पुसले. जयंतीभाई मुद्दाम बाहेर बघत राहिला.

कचेरीत त्याने साहेबांना सगळं सांगितलं, शेंदरासकट. अजिंक्य साहेबांनी खिशातून रुमाल काढला. त्यावर केशरी डाग होता. "मला बाण दिसतच नव्हता," ते ओशाळून म्हणाले, "पण देवाचं पुसावं कसं? मी आपला अंदाजाने फिरवायचो." मग दोघंही बराच वेळ हसत होते. फाटकाचा विषय कोणी काढला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मंगलाबाई नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन आली. लोटूने तिला सगळं सांगितलं. ती वाटी हातात धरून ऐकत राहिली, मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मंग आते तेल नको ना?"

लोटूने बाही वर सारली आणि डावा हात तिच्यापुढे केला.

"लाव," तो म्हणाला. "यानी लई काम करं शे."