पाच मोजेपर्यंत

बास्केटबॉलमध्ये रिबाउंड उंच मुलीलाच मिळतो, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजूनही भांडण होतं. पाथर्डीच्या आमच्या मातीच्या मैदानावर खेळाच्या सरांनी आधी उडी मारायला शिकवलंच नाही, पाठ लावायला शिकवलं. चेंडू रिंगवर आपटून परत येतो तेव्हा सगळे वर बघत बसतात. आपण मागची मुलगी हेरायची, वळून तिला पाठ लावायची, गुडघ्यात वाकून तिथंच अडवायची आणि मग चेंडूकडे जायचं.

त्याचा सराव दोघींचा. चेंडू समोर जमिनीवर ठेवायचा. एकीने पाठ लावून अडवायचं, मागचीने तो गाठायचा. सर पाच मोजायचे, तोवर तिला अडवून धरायचं. माझ्या मागे कायम माझ्या बाकावरची मैत्रीण असायची. ती सुटून गेली की दिवसभर चिडवायची.

दसरा झाला आणि तिचे आईबाप ऊसतोडीला निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेलं. जीपमध्ये बसताना म्हणाली, "नगरला जिल्ह्याची निवड हाय. सराव सोडू नको." आमच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून मी गावातच राहिले. त्या पाण्याचा मला तेव्हा राग आला.

वर्ग निम्मा रिकामा झाला. मैदानावर उरलेल्या पोरी लहान, जरा रेटलं की रडायच्या. मग मी शाळेच्या भिंतीला पाठ लावू लागले. चेंडू समोर ठेवायचा, वाकायचं, भिंत मागे रेटायची, मनातल्या मनात पाच मोजायचे. भिंत कधी सुटून गेली नाही. मला वाटलं, आपण तयार झालो. फार एकटं वाटलं की मी त्या भिंतीशी बोलायचेसुद्धा.

निवडीच्या दिवशी पहिलाच चेंडू रिंगवरून उडाला. मी झटकन वळले, मागच्या मुलीला पाठ लावली आणि सगळा भार टाकला. ती नुसती बाजूला झाली. मी सिमेंटवर उताणी पडले आणि चेंडू तिने घेतला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पाठ लावायचा धीरच झाला नाही. संघात माझं नाव आलं नाही. परतीच्या एसटीत सर एवढंच म्हणाले, "रेलत कोणावर होतीस गं?"

गुढीपाडव्यानंतर मैत्रीण परत आली. उसाच्या मोळ्या वाहून खांदे भरले होते. मी तिला सगळं सांगितलं, वर "तू गेलीस म्हणून झालं" असंही सुनावलं. ती भांडली नाही. म्हणाली, "चल, चेंडू ठिव."

मी पाठ लावली. ती हलली नाही, बाजूलाही झाली नाही. पाच झाले, सात झाले. चेंडू समोर तसाच पडून होता आणि आमच्यातली एकही तिकडे गेली नाही.

"दसऱ्याला परत जायाचंय," ती मागून म्हणाली. "आता शाळा न्हाई."

हल्ली मी नागापूरला कारखान्यात कामाला आहे. रविवारी जवळच्या मैदानावर एकटीच जाते. चेंडू जमिनीवर ठेवते, मोकळ्या जागेत वाकून उभी राहते आणि पाच मोजते. आता पडत नाही. मागे कोणी नाही, हे पाठीला कळून चुकलंय.