आत्या अन् टिनावरचे दगड

वाऱ्यानं माणूस मरत नाही. टिनावरच्या दगडानं मरते.

हे आत्या सांगे. जो भेटन त्याले सांगे. कोणी ऐकलं नाही.

काल सकाळी आत्या गेली.

ती माह्या आजोबाची बहीण. पण घरात सारेच तिले आत्या म्हणत. माहे बाबाही, मीही.

मी जास्त बोलत नाही, तुमाले माहीत आहे. नववीतून शाळा सोडली तवापासून तं आणखीच कमी. काल लोकं आले, बसले, "लय भोगलं बिचारीनं" म्हणे, अन् गेले. काय भोगलं, हे एकानंही विचारलं नाही.

म्हणून इथं ग्रुपवर लिहून राहिलो.

आत्याचं गाव बडनेऱ्याच्या जवळच. पासष्ट-सासष्ट साल असन. आत्या तिसरीत होती.

तिचे वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली दीक्षा घेतलेले. "आता आपण आपल्या डोक्यानं चालाचं," म्हणत. वस्तीत गवताचं छप्पर काढून पहिले टिन त्याइनंच टाकले.

अन् टिन आले की ते उडू नये म्हणून वर दगड आलेच. आपल्याकडं अजूनही तसंच आहे.

पंचायतीत रेडिओ होता. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागे, त्याच्या शेवटी हवामान. विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्याची शक्यता.

उन्हाळाभर रोज हेच. लोकं हासत.

"तुरळक म्हणजे कुठी बे? तुह्या घरी का माह्या घरी?"

आत्याचे वडील हासत नव्हते. पंचायतीच्या ओट्याच्या खाली उभं राहून ऐकत, अन् घरी येऊन आभाळ पाहत.

वैशाखातली गोष्ट. रेडिओवर पुन्हा तेच आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ हिरवट-काळं झालं. ते शिडी लावून वर चढले.

शेजारचा म्हातारा म्हणे, "काय गा, रेडिओ सांगन तसं घर चालवतं का आता?"

"तुमी हासा. मी दगड ठेवतो."

होते त्याच्या दुप्पट ठेवले. खालून उचलून देणारी आत्याच.

मंग आईनं दोन्ही लेकरं आत घेतले. आत्या अन् लहाना भाऊ, गौतम. थोरले, म्हणजे माहे आजोबा, तवा मामाच्या गावी होते.

आत्या सांगे, "दारातून दिसलं मले. ढगातून हत्तीच्या सोंडेवानी खाली लोंबत होतं. फिरत होतं. बाबा म्हणे मालगाडी आली. पण त्या बाजूनं रूळ नव्हताच."

टिन एका बाजूनं उचलल्या गेलं.

दगड आत आले.

गौतम जागीच गेला. आत्याच्या पायाचं हाड मोडलं, ते कधी नीट जुळलंच नाही.

शेजारच्या म्हाताऱ्याचंही छप्पर उडालं. गवताचं होतं, वावरात जाऊन पडलं. घरातले सारे वाचले.

अन् गावानं काय म्हटलं?

"रेडिओ ऐकला म्हणून पोरगं गेलं."

आत्याच्या वडलानं पुन्हा कधी रेडिओ ऐकला नाही.

इथं माहं डोकं फिरते. रेडिओ खोटा नव्हता. वारा येईन म्हणे, आला. ऐकणारा येडा नव्हता. साऱ्या गावात त्यानं एकट्यानं मनावर घेतलं. पण वारा आल्यावर कराचं काय, हे सांगणारं कोणीच नव्हतं. ना रेडिओ, ना पंचायत.

मागच्या उन्हाळ्यात मी आत्याले फोनवर अमेरिकेतल्या टोर्नाडोचे व्हिडिओ दाखवले.

"थांब. हेच. हेच आलतं."

खाली कोणीतरी कमेंट केलतं, इंडियात असं काही येतच नाही. मी वाचून दाखवलं.

"त्याले म्हणा, माह्या घरी चहाले ये. पाय दाखवतो."

मी तिले सांगितलं, तिकडंही आधी कित्येक वर्षं हवामानवाले टोर्नाडो हा शब्दच बोलत नव्हते. लोकं घाबरतीन म्हणून. लय माणसं मेले, तवा कुठी सांगाले लागले. आता भोंगा वाजते अन् लोकं तळघरात जाऊन बसतात.

आत्या भडकली. "घाबरू द्या न बावा लोकाइले! घाबरला माणूस काहीतरी तं करते. माह्या बापानं केलंच न. फक्त एकानं सांगाले पायजे होतं. दगड नको, टिन तारेनं लाकडाले आवळून बांध. नाहीतं लेकरं घेऊन शाळेच्या पक्क्या खोलीत जाय. बस, एवढंच."

हे ती लग्नात सांगे, बसस्टँडवर सांगे. पोट्टे म्हणत, "आली दगडवाली."

"दगडवाली तं दगडवाली. पण खाली उतरव बे ते!"

काल दुपारी आत्याले अजून नेलं नव्हतं, अन् साऱ्याइच्या फोनवर एकदमच अलर्ट वाजला. वादळी वारा.

काका उठले. वर पाहून म्हणे, "पोरं हो, टिनावर चार दगड टाका रे. आत बाया बसल्या आहे."

आत्याच्या घरात. आत्या तिथं झोपलेली असतानी.

"काका, नको," एवढंच माह्या तोंडातून निघालं.

"काहून बे?"

सारे माह्याकडं पाहाले लागले. मी शिडी लावली अन् वर चढलो. होते तेही दगड उतरवाले लागलो. खाली काका शिव्या देऊन राहिले. बाबा खालून एकेक दगड हातात घेत गेले. मंग कुठून तरी तारेचं भेंडोळं आणून त्याइनं वर फेकलं. मी टिन लाकडाले आवळून बांधलं.

वारा आला. टिन वाजलं, हाललं नाही.

घरी येतानी बसमधून पाहत होतो. जिकडं पाहा तिकडं टिनावर दगड. साऱ्याइच्या खिशात अलर्ट वाजते, अन् डोक्यावर हे असं. कोणाले सांगाव, कसं सांगाव.

मी राजापेठेत फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाले आहे. टिन हूक लावून कसं बांधाचं ते मले येते. ज्याच्या घरावर दगड असतीन त्यानं मेसेज करा, सुट्टीच्या दिवशी येतो. मले बोलाले लावू नका, फक्त शिडी ठेवा.

आत्या, लय सांगितलं तू. आता आराम कर.

जय भीम.